सोलापूरचे वसतिगृह

सोलापूरची चादर तुमच्या घरात असेलच. नसली तर शेजारच्या घरी नक्की असेल. या शहरात 1877 साली पहिली कापड गिरणी सुरू झाली. मग आणखी गिरण्या आल्या. खेड्यापाड्यांतील माणसे कामासाठी शहरात येऊ लागली. पुढे शिकायचे तर मुलांनाही खेडे सोडून शहरातल्या हायस्कुलात यावे लागे. पण काही मुलांना शहरात कोणी खोली देत नसे. लोक त्यांना अस्पृश्य मानत. अशा मुलांसाठी 4 जानेवारी 1925 रोजी सोलापुरात एक वसतिगृह सुरू झाले. वसतिगृह म्हणजे ज्याला आपण बोर्डिंग म्हणतो ते. ते सुरू करणाऱ्या संस्थेच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

भारताच्या राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. पण त्याआधी ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. त्या विद्यार्थ्याची ही हकिकत आहे.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत ते घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. तहान लागली तरी नळाला हात लावायची परवानगी नव्हती. पुढे मुंबईच्या शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. तेही नाकारले गेले, म्हणून त्यांनी फारसी भाषा घेतली. तुम्ही उर्दूत शिकता. उर्दूतले कितीतरी शब्द फारसीतून आले आहेत. ते भीमरावांनाही ओळखीचे वाटले असते!

1912 साली ते बी. ए. झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. 1913 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे इतिहास, समाजशास्त्र असे अनेक विषय ते शिकले, पण सर्वांत जास्त अभ्यास त्यांनी अर्थशास्त्राचा केला. पैसा कोठून येतो, कोणाकडे जातो, सरकार कर कसा घेते आणि कशावर खर्च करते, हे सारे या शास्त्रात येते. 1915 साली ते एम. ए. झाले. दुसऱ्या वर्षी ते लंडनला गेले आणि तेथील अर्थशास्त्राच्या प्रसिद्ध संस्थेत त्यांनी नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 साली अभ्यास अर्धा सोडून परत यावे लागले. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि पुस्तके वेगळ्या जहाजाने येत होती. ते जहाज बुडाले.

आता पुढचा प्रसंग नीट वाचा. करारानुसार भीमराव नोकरीसाठी बडोद्याला गेले. एवढा शिकलेला माणूस, पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी खाणावळीत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांनी भीमरावांना खोली सोडायला लावले. ओळखीच्या माणसांकडेही त्यांची सोय झाली नाही. रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते एका बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले.

मुंबईत सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या मित्राने कर्ज दिले. हा मित्र पारशी होता, हेही लक्षात ठेवा. 1920 साली भीमराव पुन्हा लंडनला गेले.

तेथे ते सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि ते बंद होईपर्यंत वाचत. दुपारचे जेवण बहुधा नसेच. खोलीवर परतल्यावरही वाचन चाले. रात्री भूक फारच लागली की एका मित्राने दिलेले पापड भाजून खात. परदेशी गेलेला माणूस मजेत राहतो, असे आपल्याला वाटते. येथे तसे काही नव्हते.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता रुपया. तुम्ही म्हणाल, रुपयात अभ्यास करण्यासारखे काय आहे? समजा, एका मजुराला दिवसाला एक रुपया मिळतो आणि त्या रुपयात चार शेर ज्वारी येते. काही महिन्यांनी त्याच रुपयात तीनच शेर येऊ लागली. मजुरी तीच, काम तेच. मग एक शेर ज्वारी कोणी नेली? चोर तर घरात शिरलाच नाही! सरकारने हवे तेवढे चलन काढले तर महागाई वाढते आणि तिचा मार गरिबांना बसतो, असे भीमरावांचे मत होते. म्हणून चलन काढण्याला बंधन हवे, असे त्यांनी मांडले. त्या काळी भारतात इंग्रजांचे राज्य होते. परीक्षकांनी प्रबंध सुधारून पुन्हा द्यायला सांगितले. हातातले पैसे संपले होते. भीमराव 1923 च्या एप्रिलमध्ये मुंबईला आले, तेथे बसून त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला आणि लंडनला पाठवला. निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. त्याच वर्षी त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली.

पुढच्या वर्षी, 20 जुलै 1924 रोजी, मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सहा महिन्यांच्या आत सभेने सोलापूरचे वसतिगृह उघडले. मुलांच्या राहण्याचा, जेवणाचा, कपड्यांचा आणि वह्या-पुस्तकांचा खर्च सभा करी. सोलापूर नगरपालिकेने दरमहा 40 रुपये अनुदान दिले. खोलीसाठी कोणालाही खोटे नाव सांगावे लागत नव्हते.

त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात इंग्रज सरकारने नेमलेल्या चलन आयोगापुढे डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली. रुपया कसा असावा, हे ते आयोगाला सांगत होते. तोवर सोलापूरच्या वसतिगृहाला जवळजवळ एक वर्ष झाले होते.