कार्ययोजनेचे आचार्य : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

धरण पाहावयास गेलेला मनुष्य भिंतीची उंची पाहतो, पाण्याचा विस्तार पाहतो आणि धन्य होऊन परततो. ती भिंत ठरल्या मुदतीत व ठरल्या खर्चात उभी राहावी म्हणून कोणी किती रात्री हिशेब मांडला, हे त्यास दिसत नाही. चुना कोठून आणावयाचा, हजारो मजुरांची सोय कशी लावावयाची, पूर येण्यापूर्वी बांधकाम कोठवर गेले पाहिजे, याचा विचार करणारा एक स्वतंत्र व्यवसायच आज झाला आहे. त्यास प्रकल्प व्यवस्थापन म्हणतात. आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण स्थापत्यशास्त्राकडे वळत असल्यामुळे, हे नाव रूढ होण्यापूर्वी ही विद्या ज्यांनी आचरून दाखविली त्या सर विश्वेश्वरय्यांचे चरित्र येथे देत आहे. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, महाराष्ट्रीयही नव्हते. तथापि त्यांचे शिक्षण पुण्यास झाले आणि उमेदीची सुमारे चोवीस वर्षे मुंबई इलाख्याच्या सेवेत गेली.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे जन्मग्राम. वडील संस्कृतज्ञ होते, परंतु घरी संपत्ती नव्हती. पितृछत्र लहानपणीच हरपले. बंगळूर येथे शिकवण्या करून त्यांनी शिक्षण चालविले व १८८१ साली बी. ए. ची पदवी मिळविली. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते पहिले आले व त्यांस जेम्स बर्कले पारितोषिक मिळाले. ज्या बर्कलेसाहेबांच्या देखरेखीखाली बोरघाटातील रेल्वेचे अवघड काम झाले, त्यांच्या नावाचे हे पारितोषिक होते.

१८८४ साली ते सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता झाले. नाशिक व खानदेश येथे त्यांनी प्रथम कामे केली. पुढे सिंधमधील सक्कर शहरास पाणी पुरविण्याचे काम त्यांजकडे आले. सिंधू नदीचे पाणी गढूळ, आणि ते गाळण्याची मोठी यंत्रणा उभारण्याइतका पैसा नगरपालिकेजवळ नव्हता. तेव्हा त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली आणि पात्रातील वाळूकडूनच पाणी गाळून घेतले. हाती असलेल्या द्रव्यात काम बसविणे हा अभियंत्याचा पहिला धर्म आहे, हे त्यांनी तेथे दाखवून दिले.

पुण्याजवळील खडकवासल्यास त्यांनी याहून मोठे काम केले. सांडव्यावरून दरसाल पुष्कळ पाणी वाहून जाई. धरणाची भिंत न वाढविता सांडव्यावर त्यांनी आपोआप चालणारी दारे बसविली. पाणी ठराविक पातळीच्या वर गेले की दारे उघडत आणि उतरले की मिटत. त्यायोगे सुमारे आठ फूट अधिक पाणी साठू लागले. दारांचे पेटंट त्यांच्या नावे झाले, परंतु सरकारी सेवेत असताना केलेल्या कामाबद्दल वेगळा मोबदला त्यांनी स्वीकारला नाही. नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. एकाच गावी सारे पाणी न मुरता ते अनेक गावांस मिळावे व पिकांची फेरपालट व्हावी, हा तिचा हेतू होता.

इलाख्यातील सर्वोच्च पद हिंदी मनुष्यास मिळणार नाही, हे जाणून १९०८ साली त्यांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुसा नदीच्या महापुराने हैदराबादेत हाहाकार झाला. निजाम सरकारने त्यांस पाचारण केले. पूर शहरात आल्यावर अडविण्यापेक्षा वरच्या अंगासच धरून ठेवावा, अशी योजना त्यांनी दिली. उस्मानसागर व हिमायतसागर ही जलाशये तिचेच फळ होत.

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कोलारच्या सोन्याच्या खाणींस शिवसमुद्रम् येथील वीज जाई. पण उन्हाळ्यात कावेरीचे पाणी घटे आणि विजेचा भरवसा राहत नसे. म्हणून कन्नंबाडीजवळ धरण बांधण्याची योजना त्यांनी मांडली. खर्चाचा अंदाज अडीच कोटींच्या घरातला असल्यामुळे दरबारी शंका निघाल्या. मद्रास सरकारनेही आक्षेप घेतला, व त्यामुळे पहिला टप्पा ८० फुटांपुरताच मर्यादित राहिला. १९११ साली काम सुरू झाले. १९१५ च्या मध्यापर्यंत खाणींस जादा वीज द्यावयाची होती. सुमारे दहा हजार माणसे खपत होती, हिवतापाचा उपद्रव होता, आणि पावसाळा कोणासाठी थांबत नाही. रात्री दिवे लावून काम चालले. सिमेंटऐवजी चुना व विटांची भुकटी मिळून होणारी सुरखी वापरली. काम मुदतीत साधले. संपूर्ण धरणास मात्र सुमारे वीस वर्षे लागली. या जलाशयात कित्येक गावे बुडाली, हेही विसरून चालणार नाही. मोठ्या कामाच्या हिशेबात विस्थापितांच्या दुःखाची बाजूही मांडली पाहिजे.

१९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. हे पद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आप्तेष्टांस एकत्र बोलाविले आणि आपणाकडे कोणी कसलीही शिफारस मागावयाची नाही, अशी अट घातली, असे सांगतात. दिवाणपदाच्या काळात म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ व बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. नव्वदी ओलांडल्यावरही गंगेवरील पुलाच्या जागेची पाहणी करण्यास ते गेले होते. १९५५ साली त्यांस भारतरत्न मिळाले. १४ एप्रिल १९६२ रोजी, वयाची शंभरी ओलांडून, ते निवर्तले. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

आज बांधकामाच्या क्षेत्रात वेळापत्रक आखणारा, मोजमाप व देयके तपासणारा, मालाची प्रत पाहणारा, मजुरांची सुरक्षितता राखणारा, अशी निरनिराळी माणसे लागतात. या पायऱ्या चढूनच तरुण प्रकल्पप्रमुख होतो. पालकांस एवढेच सांगणे आहे, की मुलाने पदवी घेतली की ज्ञातीतील अधिकाऱ्याकडे शब्द टाकण्याची जी चाल आपल्यात पडली आहे ती सोडावी. शिफारशीने आलेला मनुष्य चुकीच्या मोजमापावर सही करावयास सांगितले असता नाही म्हणू शकत नाही, आणि ती सही पुढे कोणाच्या तरी प्राणावर बेतते. आपल्या मंडळाने शिष्यवृत्ती द्यावी, पुस्तके द्यावी, वसतिगृहात जागा द्यावी. जागा मात्र मुलाने स्वतःच्या गुणांवर मिळवावी. विश्वेश्वरय्यांनी शिष्यवृत्ती घेतली होती. शिफारस त्यांनी कोणासाठी चालू दिली नाही. त्यांच्या चरित्रातून आपल्या घरी नेण्यासारखे हेच आहे.