मोन्सेन्योर सेबास्टियन क्नाइप : जलोपचाराचे धर्मगुरू

आजाऱ्यांची सेवा हे ख्रिस्तसभेचे आरंभापासूनचे कार्य आहे. परंतु सेवेची तळमळ असली म्हणजे उपचार करण्याचा अधिकार प्राप्त होतो काय? एकोणिसाव्या शतकात बव्हेरियातील एका धर्मगुरूला या प्रश्नापायी आरोपी व्हावे लागले. निसर्गोपचाराच्या इतिहासात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या फादर सेबास्टियन क्नाइप यांचे जीवन म्हणूनच आजही विचारप्रवर्तक आहे.

दिनांक १७ मे १८२१ रोजी ओटोबॉयरनजवळील स्टेफान्सरीड या खेड्यात एका गरीब विणकराच्या घरी त्यांचा जन्म झाला. धर्मगुरू व्हावे ही त्यांची बालपणापासूनची आस होती. परंतु घरच्या दारिद्र्यामुळे त्यांना मागावर बसावे लागले. ऐन तारुण्यात घर आगीच्या भक्ष्यस्थानी पडले आणि शिक्षणासाठी पै-पै करून साठविलेली पुंजीही नष्ट झाली. अशा वेळी फादर मॅथियास मर्कले यांनी त्यांना आधार दिला व लॅटिन शिकविले. त्यामुळे १८४४ साली, तेविसाव्या वर्षी, ते डिलिंगन येथील विद्यालयात दाखल झाले.

अभ्यासाच्या काळातच त्यांना फुप्फुसाच्या आजाराने ग्रासले. तो क्षय असल्याचे मानले जाते. वैद्यांचे उपाय थकल्यावर योहान सिगमुंड हान यांचे शीतजलाच्या गुणांविषयीचे जुने पुस्तक त्यांच्या हाती आले. १८४९ च्या हिवाळ्यात ते डॅन्यूब नदीच्या गारठलेल्या पाण्यात काही क्षण बुडी मारीत आणि लगबगीने घरी परतत. हळूहळू त्यांची प्रकृती सुधारली. क्षयाचे जंतू १८८२ साली शोधले गेले आणि त्यावरील खरी औषधे तर विसाव्या शतकात आली. शीतस्नानाने क्षय बरा होतो, असे आजचे वैद्यकशास्त्र मानीत नाही. परंतु त्या अनुभवाने फादर क्नाइप यांच्या आयुष्याला दिशा दिली, एवढे निश्चित.

दिनांक ६ ऑगस्ट १८५२ रोजी आउग्सबर्ग येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. धर्मकार्य करीत असतानाच ते गोरगरीब रुग्णांना पाण्याचे उपचार सांगू लागले. पुढच्याच वर्षी, १८५३ साली, परवान्याविना उपचार करण्यास असलेली बंदी मोडल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. १८५४ साली बोस या गावी पटकीची साथ आली, तेव्हा मात्र हाच तरुण धर्मगुरू आजाऱ्यांच्या उशाशी होता.

१८५५ साली त्यांची नेमणूक वोरिसहोफेन येथील डोमिनिकन धर्मभगिनींच्या मठात झाली. पुढे ते त्या गावचे प्रमुख धर्मगुरूही झाले. दरम्यान कायदा बदलला होता. १८६९ साली उत्तर जर्मन राज्यसंघात पदवी नसलेल्यांनाही उपचाराची मुभा मिळाली व कालांतराने ती बव्हेरियातही लागू झाली. डॉक्टर म्हणवून घेण्याचा हक्क मात्र परवानाधारकांपुरताच राहिला.

१८८६ साली त्यांचा जलोपचारावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि वोरिसहोफेनकडे रुग्णांची रीघ लागली. पाणी, वनौषधी, व्यायाम, साधा आहार आणि सुव्यवस्थित जीवन या पाच आधारांवर त्यांची पद्धती उभी होती. मिळालेल्या पैशातून त्यांनी १८९१ साली सेबास्टियानेउम ही उपचारसंस्था व १८९३ साली मुलांसाठी आश्रयगृह उभारले. त्याच वर्षी पोप तेरावे लिओ यांनी त्यांना मोन्सेन्योर ही उपाधी दिली.

त्यांचा खरा मोठेपणा येथेच दिसतो. एवढी कीर्ती लाभूनही त्यांनी डॉक्टरांना शत्रू मानले नाही. आपली पद्धती पदवीधर डॉक्टरांनी पारखावी व चालवावी, अशी त्यांची इच्छा होती. डॉ. आल्फ्रेड बाउमगार्टन यांच्यासारखे वैद्य त्यांच्यासोबत काम करू लागले आणि १८९४ साली क्नाइप पद्धतीच्या डॉक्टरांची संघटना स्थापन झाली. दिनांक १७ जून १८९७ रोजी मोन्सेन्योर क्नाइप प्रभुचरणी विलीन झाले.

त्यांच्या उपचाराने बरे झालेले बेनेडिक्ट लुस्ट यांनी १९०१ साली न्यूयॉर्कमध्ये निसर्गोपचाराचे विद्यालय काढले. आज अमेरिकेतील ज्या राज्यांत या वैद्यांना परवाना मिळतो, तेथे मान्यताप्राप्त महाविद्यालयातील सुमारे चार वर्षांचे शिक्षण व परीक्षा आवश्यक असते. इतर राज्यांत असा परवानाच नाही. खुद्द जर्मनीत डॉक्टर नसलेल्या उपचारकाला १९३९ च्या कायद्यानुसार शासनाची परवानगी लागते, परंतु प्रशिक्षणाचा ठरावीक कालावधी कायद्याने बांधून दिलेला नाही. आपल्या देशात निसर्गोपचार व योगविज्ञानाचा साडेपाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, आणि पुण्यात १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था कार्यरत आहे.

वाचकहो, 'नैसर्गिक' या एका शब्दावर विसंबून आपण पुष्कळदा कोणाच्याही हाती आपला देह सोपवितो; डॉक्टरांनी दिलेली औषधेही परस्पर बंद करतो. समोरच्या व्यक्तीचे शिक्षण कोठे झाले, तिची नोंदणी आहे काय, हे विचारण्यात अविश्वास नाही. देह ही परमेश्वराची देणगी आहे व तिची राखण करणे हे आपले कर्तव्य आहे. करुणेला ज्ञानाची जोड हवी, हे ज्या धर्मगुरूने स्वतः ओळखले, त्यांचे स्मरण आपल्याला हा विवेक देवो.