गुग्लिएल्मो मार्कोनी

बाभुळगावच्या बाजारात कितीतरी माणसे एकाच वेळी भ्रमणध्वनीवर बोलत असतात. तरी एकाचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्यात मिसळत नाही. ही सोय ज्यांच्या परिश्रमांनी शक्य झाली, त्यांतील एका अग्रणी पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या नगरी एका सधन कुळात झाला. पदवी त्याच्यापाशी नव्हती. परंतु हर्ट्झने शोधलेल्या विद्युत्-लहरींविषयी वाचून त्याने पित्याच्या वाड्यात प्रयोग आरंभिले आणि १८९५ साली सुमारे दीड मैल तारेवाचून संकेत धाडले.

यशाबरोबर संकटही आले. आकाश सर्वांचे एकच. दोन यंत्रे एकदम बोलू लागली की दोहोंचे संकेत निरर्थक होत. ऑलिव्हर लॉजने १८९७ साली सुचविलेला उपाय पुढे नेऊन मार्कोनीने १९०० साली ७७७७ क्रमांकाचे पेटंट मिळविले. तंबोऱ्याची एक तार छेडली असता तिच्याशी जुळलेली तारच झंकारते. त्याचप्रमाणे धाडणारे व घेणारे यंत्र एकाच लहरीवर जुळविले म्हणजे इतरांचा गोंगाट आड येत नाही. १९०९ साली त्याला ब्राउनसमवेत नोबेल पारितोषिक लाभले.

परंतु युक्तीला शिस्तीची जोड नसेल तर काय होते, ते १४ एप्रिल १९१२ च्या रात्री दिसले. ‘टायटॅनिक’वरील तारवाला प्रवाशांचे निरोप धाडण्यात गढला असता ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाने बर्फाचा इशारा देऊ केला. ते जवळ असल्याने त्याचे संकेत कर्णकर्कश आले. त्यास गप्प बसविण्यात आले. तेथील तारवाला यंत्र बंद करून निजला, आणि पुढे मदतीची हाक त्या जहाजाला ऐकूच आली नाही. सुमारे दीड हजार जीव बुडाले. सातशेवर वाचले, ते ‘कार्पेथिया’ने तीच बिनतारी हाक ऐकली म्हणून.

आमच्या महाराष्ट्रातही १९२७ साली मार्कोनीच्या पद्धतीने इंग्लंडशी दळणवळण सुरू झाले. धाडण्याचे केंद्र खडकीस, तर घेण्याचे दूर दौंडला होते.

पुढे विद्वानांनी लहरींबरोबर वेळेचीही वाटणी केली. भ्रमणध्वनीच्या जीएसएम पद्धतीत एकाच लहरीवर आठ जण पाळीपाळीने बोलतात. पाळी क्षणांशाची असल्याने खंड जाणवत नाही. अन्य एका पद्धतीत सर्व एकदम बोलतात, पण प्रत्येकाची सांकेतिक खूण निराळी असते.

मार्कोनी २० जुलै १९३७ रोजी रोम येथे निवर्तला. त्याच्या सन्मानार्थ ब्रिटनमधील बिनतारी केंद्रे दोन मिनिटे स्तब्ध राहिली. विद्यार्थिमित्रहो, बोलण्याचे साधन लाभणे हे भाग्य खरे. परंतु दुसऱ्याची पाळी राखल्यावाचून त्या साधनाचा उपयोग नाही, हा बोध आम्ही या चरित्रातून घ्यावा.