विल्यम हर्शेल

फ्रेडरिक विल्यम हर्शेल (१५ नोव्हेंबर १७३८, हानोफर, जर्मनी – २५ ऑगस्ट १८२२, स्लाऊ, इंग्लंड) हे जर्मनीत जन्मलेले ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ, दुर्बीणकार व संगीतकार होते. युरेनस ग्रहाचा शोध, अवरक्त किरणांचा शोध, जोडतारे एकमेकांभोवती फिरतात याचा पुरावा आणि सुमारे २,५०० तेजोमेघ व तारकागुच्छांच्या याद्या ही त्यांची प्रमुख कामगिरी होय.

हर्शेल यांचे खगोलशास्त्राचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते. पस्तिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी छंद म्हणून आकाशनिरीक्षण सुरू केले आणि स्वतःच्या राहत्या घरात दुर्बिणी घडविल्या. दुर्बिणीतून जसे दिसावयास हवे तसे का दिसत नाही, हा नवशिक्या निरीक्षकाचा प्रश्न त्यांनी जन्मभर सोडला नाही. आरसा, नळी, हवा आणि डोळा या प्रत्येकातील दोष त्यांनी वेगवेगळा शोधून काढला. त्यांचे बहुतेक शोध या चिकाटीतून निघालेले आहेत.

पूर्वायुष्य

हर्शेल यांचे वडील आयझॅक हे हानोफरच्या सैन्यातील वाद्यवृंदात ओबो हे वाद्य वाजवीत. विल्यम चौदाव्या वर्षी त्याच वाद्यवृंदात दाखल झाले. हानोफर व ब्रिटन यांचा राजा त्या काळी एकच असल्यामुळे या वाद्यवृंदाचा इंग्लंडशी संबंध येत असे. १७५७ मध्ये हास्टेनबेकच्या लढाईत हानोफरच्या बाजूचा पराभव झाला. त्यानंतर विल्यम यांनी बंधू याकोब यांच्यासह इंग्लंड गाठले.

आरंभी संगीताच्या प्रती उतरवून देणे हे त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. पुढे उत्तर इंग्लंडमध्ये त्यांनी संगीतशिक्षक व वाद्यवृंद-संचालक म्हणून काम केले. १७६६ मध्ये बाथ येथील ऑक्टॅगॉन चॅपेलमध्ये ऑर्गनवादक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांनी २४ सिंफनी रचल्या आहेत. १७७२ मध्ये त्यांची धाकटी बहीण कॅरोलाइन गायनाचे शिक्षण घेण्यासाठी बाथला आली. पुढील पन्नास वर्षे ती त्यांची सहकारी होती आणि स्वतःही नामवंत खगोलशास्त्रज्ञ झाली.

पहिल्या दुर्बिणी

रॉबर्ट स्मिथ यांच्या स्वरशास्त्रावरील ग्रंथामुळे हर्शेल यांचे लक्ष त्याच लेखकाच्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथाकडे वळले. १७७३ मध्ये त्यांनी जेम्स फर्ग्युसन यांचे खगोलशास्त्राचे पुस्तक विकत घेतले आणि भिंगे आणून दुर्बीण जुळविण्यास प्रारंभ केला. लांब नाभीय अंतराच्या भिंगांना तशीच लांब नळी लागे. पुठ्ठ्याची नळी स्वतःच्याच भाराने वाकत असे, त्यामुळे भिंग व नेत्रिका एका रेषेत राहत नसत आणि प्रतिमा बिघडे. मग त्यांनी आरशाची एक लहान दुर्बीण भाड्याने आणली. ती हाताळण्यास सोपी होती, परंतु मोठा आरसा विकत घेणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा आरसा स्वतःच करावयाचा असे त्यांनी ठरविले.

काचेवर चांदीचा मुलामा देऊन दुर्बिणीचे आरसे करण्याची रीत तेव्हा अस्तित्वात नव्हती. आरसा तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा ओतीत. कथील वाढविले तर आरसा अधिक उजळ होई पण ठिसूळ होऊन तडके, आणि तांबे वाढविले तर तो लवकर काळवंडे. ओतल्यावर तो घासून खोलगट करावा लागे व शेवटी झिलई देताना त्याला अन्वस्ताचा नेमका बाक द्यावा लागे. हा बाक किंचित जरी चुकला तरी आरशाच्या कडेकडून व मध्यभागाकडून येणारे किरण एका बिंदूत मिळत नाहीत आणि तारा टिंबासारखा न दिसता पसरट दिसतो. हर्शेल यांनी यावर साधा उपाय योजला. एकेका दुर्बिणीसाठी त्यांनी अनेक आरसे घडविले, ते ताऱ्यांवर पारखून पाहिले आणि त्यांतील सर्वोत्तम तेवढा ठेवला. बाथमध्ये त्यांनी असे शेकडो आरसे तयार केले.

या कामासाठी घराचा कारखाना झाला. बंधू अलेक्झांडर यांनी शयनगृहात चरक मांडून पितळी भाग कातण्यास सुरुवात केली. झिलईचे काम मध्येच थांबविल्यास आरसा बिघडण्याचे भय असे. एका प्रसंगी सोळा तास विल्यम यांनी आरशावरून हात उचलला नाही आणि कॅरोलाइन यांनी त्यांना घास भरविले, अशी नोंद त्यांच्या आठवणींत आहे. १ मार्च १७७४ रोजी आपल्या दुर्बिणीतून शनीची कडी व मृग नक्षत्रातील तेजोमेघ पाहून हर्शेल यांनी निरीक्षणवही सुरू केली.

युरेनसचा शोध

१७७८ मध्ये त्यांनी सात फूट लांबीच्या दुर्बिणीसाठी ६.२ इंच (सुमारे १६ सेंमी) व्यासाचा उत्कृष्ट आरसा सिद्ध केला. या दुर्बिणीने जोडताऱ्यांचा शोध घेत असता, १३ मार्च १७८१ रोजी बाथमधील न्यू किंग स्ट्रीटवरील घराच्या बागेतून त्यांना वृषभ व मिथुन राशींच्या सीमेवर एक वेगळी ज्योती दिसली. त्या वेळी विवर्धन २२७ पट होते. त्यांनी नेत्रिका बदलून ते ४६० व ९३२ पट केले. तारा कितीही मोठा करून पाहिला तरी त्याची बिंबासारखी आकृती त्या प्रमाणात वाढत नाही. ही ज्योती मात्र विवर्धनाच्या प्रमाणात मोठी होत गेली. चार दिवसांनी ती जागेवरून सरकल्याचेही आढळले.

हर्शेल यांना तो धूमकेतू वाटला. राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलाइन यांना आपल्या उपकरणात तो ताऱ्यांहून वेगळा दिसत नव्हता. केवळ गतीवरून त्यांनी तो ओळखला. अँडर्स लेक्सेल यांनी कक्षेचे गणित मांडले तेव्हा तो शनीच्या पलीकडील ग्रह असल्याचे स्पष्ट झाले. हाच ग्रह १६९० मध्ये जॉन फ्लॅमस्टीड यांनी पाहून तारा म्हणून नोंदविला होता.

शोधाबरोबर संशयही आला. इतके मोठे विवर्धन वापरता येते यावरच अनेक जाणकारांचा विश्वास बसेना. ते खोटे ठरते तर हर्शेल यांची इतर निरीक्षणेही मोडीत निघाली असती. १७८२ मध्ये त्यांची सात फुटी दुर्बीण ग्रिनिच वेधशाळेत नेऊन तेथील उपकरणांशी ताडून पाहण्यात आली आणि तीच सरस ठरली. एका संगीतशिक्षकाने घरी केलेली दुर्बीण राष्ट्रीय वेधशाळेच्या दुर्बिणींहून उत्तम आहे, हे मान्य झाले. रॉयल सोसायटीने त्याआधीच, १७८१ मध्ये, त्यांना कॉप्ली पदक व सदस्यत्व दिले होते. राजा तिसरा जॉर्ज याने त्यांना वार्षिक २०० पौंडांचे वेतन दिले. ते संगीतातील मिळकतीपेक्षा कमी होते, तरीही हर्शेल यांनी संगीताचा व्यवसाय सोडला व राजवाड्याजवळील डॅचेट येथे मुक्काम हलविला. उत्पन्नाची तूट भरून काढण्यासाठी ते दुर्बिणी करून विकत.

निरीक्षणपद्धती

पाहणे ही शिकावी लागणारी कला आहे, अशी हर्शेल यांची धारणा होती. वाद्य हाती आले म्हणून वादन येत नाही, तसेच दुर्बीण मिळाली म्हणून दिसू लागत नाही. डोळ्याला रोजचा सराव हवा, असे ते मानीत. उजेडातून आल्यावर अंधूक वस्तू दिसण्यास सुमारे वीस मिनिटे जावी लागतात, हे त्यांनी नोंदविले आहे. मोठ्या दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात व्याध तारा येऊ लागला की पहाट झाल्यासारखा उजेड पसरे आणि तो समोर येताच त्यांना डोळा बाजूला घ्यावा लागे, कारण एरवी पुढील निरीक्षणासाठी डोळा निकामी होत असे.

१७८३ पासून त्यांनी १८.७ इंच (सुमारे ४७ सेंमी) आरशाच्या वीस फुटी दुर्बिणीने आकाशाची पट्ट्यापट्ट्यांनी झडती घेतली. दुर्बीण दक्षिणोत्तर रेषेवर रोखून ती थोडी वर-खाली केली जाई आणि पृथ्वीच्या फिरण्याने आकाश समोरून सरकत असे. हर्शेल दिसेल ते मोठ्याने सांगत; कॅरोलाइन दिव्याजवळ बसून घड्याळ पाहून ते टिपून घेत. त्यामुळे विल्यम यांचा डोळा अंधाराला सरावलेलाच राही. या कामातून १७८६, १७८९ व १८०२ मध्ये तीन याद्या प्रसिद्ध झाल्या. त्याआधी शार्ल मेसिए यांच्या यादीत सुमारे शंभरच वस्तू होत्या.

धातूचा आरसा त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा मोठा भाग गिळून टाकी आणि दुसऱ्या आरशावर तोच तोटा पुन्हा होई. १७८६ मध्ये हर्शेल यांनी मुख्य आरसा किंचित कलता बसवून दुसरा आरसा काढून टाकला व नळीच्या तोंडाशी राहून थेट आत पाहण्यास सुरुवात केली. प्रतिमा उजळ झाली. ११ जानेवारी १७८७ रोजी त्यांना युरेनसचे टायटेनिया व ओबेरॉन हे दोन उपग्रह सापडले.

प्रतिमा बिघडण्याच्या कारणांवर त्यांनी १८०३ मध्ये एक निबंधच प्रसिद्ध केला. उबदार खोलीतून नुकतीच बाहेर आणलेली दुर्बीण नीट काम करीत नाही. तिचा आरसा व नळी बाहेरच्या हवेइतकी थंड होईपर्यंत थांबावे लागते. दार, खिडकी किंवा छपरावरून पाहिल्यास तेथून उठणाऱ्या उष्ण हवेमुळे प्रतिमा थरथरते. जोराचा वारा व नुकताच पडू लागलेला कडाका हेही बाधक होत. याउलट दमट, स्थिर हवेच्या रात्री पुष्कळदा उत्तम दर्शन होते. आरसा तापला की त्याचे नाभीय अंतर बदलते, हेही त्यांनी प्रयोगाने दाखविले. घरगुती दुर्बीण वापरणाऱ्याला आजही याच सूचना दिल्या जातात.

चाळीस फुटी दुर्बीण

मोठ्या आरशाचा हर्शेल यांना ध्यास होता. ऑगस्ट १७८१ मध्ये बाथच्या घराच्या तळघरात ३६ इंची आरसा ओतताना भट्टी गळली. वितळलेल्या धातूने फरशीचे दगड तडकून उडू लागले व सर्वांना जीव घेऊन पळावे लागले. तरीही पुढे राजाच्या सुमारे ४,००० पौंडांच्या साहाय्याने त्यांनी स्लाऊ येथे ४८ इंच (१.२ मीटर) आरशाची चाळीस फुटी दुर्बीण उभारली. १७८९ मध्ये पूर्ण झालेली ही दुर्बीण त्या काळी जगातील सर्वांत मोठी होती. त्याच वर्षी शनीचे एन्सेलाडस व मिमास हे उपग्रह सापडले.

परंतु ही दुर्बीण अपेक्षेस उतरली नाही. पहिला आरसा पातळ असल्याने वाकत होता. दुसरा, सुमारे एक टन वजनाचा आरसा, लवकर काळवंडे आणि तपमान बदलले की हवेइतका थंड होण्यास फार वेळ घेई. दुर्बीण हलविण्यास मजूर लागत. परिणामी हर्शेल यांनी बहुतेक काम वीस फुटी दुर्बिणीनेच केले.

सूर्य व अवरक्त किरण

सूर्यनिरीक्षणासाठी हर्शेल निरनिराळ्या रंगांच्या काचा वापरून पाहत. काही काचांतून उजेड कमी येई पण उष्णता जाणवे, तर काहींत याउलट होई. या अडचणीचे कारण शोधताना त्यांनी १८०० मध्ये लोलकाने पाडलेल्या वर्णपटाच्या प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नाही तेथे, पारा सर्वांत अधिक चढला. अशा रीतीने अवरक्त किरणांचा शोध लागला. दुर्बिणीतून किंवा नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहणे दृष्टीस घातक आहे, हे मात्र विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

इतर संशोधन व मर्यादा

हर्शेल यांनी ८४८ जोडताऱ्यांची नोंद केली. त्यांतील काही खरोखर एकमेकांभोवती फिरतात हे त्यांनी १८०३ मध्ये दाखविले आणि गुरुत्वाकर्षणाचा नियम सूर्यमालेबाहेरही लागू असल्याचा पुरावा मिळाला. सूर्य शौरी तारकासमूहाच्या दिशेने सरकत आहे हे त्यांनी १७८३ मध्ये मांडले.

त्यांचे काही निष्कर्ष चुकीचे ठरले. युरेनसचे आणखी चार उपग्रह दिसल्याचे त्यांनी १७९८ मध्ये जाहीर केले. ते उपग्रह नव्हतेच. सूर्यावर वस्ती असावी असे त्यांना वाटे. १७८५ मध्ये काढलेल्या आकाशगंगेच्या आराखड्यात आपण तिच्या कडेपर्यंत पाहिले असे त्यांनी गृहीत धरले होते. पुढे त्यांनी स्वतःच हे मत सोडून दिले.

अखेरची वर्षे व वारसा

१७८८ मध्ये हर्शेल यांचा मेरी पिट यांच्याशी विवाह झाला. त्यांचे पुत्र जॉन हर्शेल हेही थोर खगोलशास्त्रज्ञ होते. १८१६ मध्ये विल्यम यांना सरदारकी मिळाली आणि १८२१ मध्ये ते लंडनच्या खगोलशास्त्रीय संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. वयाच्या ८३ व्या वर्षी स्लाऊ येथे त्यांचे निधन झाले. जवळच्या अप्टन येथील चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

१८३९ मध्ये जॉन यांनी चाळीस फुटी दुर्बिणीच्या सांगाड्याचे काचेवर छायाचित्र घेतले. काचेवरील आद्य छायाचित्रांत त्याची गणना होते. बाथमधील घरात आता संग्रहालय आहे. २००९ मध्ये सोडलेल्या युरोपीय अवरक्त अवकाश दुर्बिणीस हर्शेल यांचे नाव दिले होते. युरेनसला मराठीत प्रजापती असेही म्हणतात; पंचांगांत व जन्मपत्रिकांत मात्र तो हर्षल या नावानेच लिहिला जातो.