समुद्रतळाचे प्रवासी : जाक इव कुस्तो

विसाव्या शतकाच्या प्रारंभीं समुद्राच्या तळाशीं काम करणाऱ्या पाणबुड्याचा पोशाख मोठा अवजड असे. डोक्यावर तांब्याचें शिरस्त्राण, अंगांत रबरी कापडाचा जाड पेहराव, छातीवर शिशाचे गट्टू आणि पायांत शिशाच्या तळव्यांचे बूट. हा सारा भार ऐंशी किलोंच्या आसपास भरे. श्वासासाठीं वरच्या होडींतून पंपानें हवा सोडीत, आणि ती नळी जेथवर पुरे तेथवरच त्याचें जग. माशाप्रमाणें स्वैर हिंडणें त्याच्या नशिबीं नव्हतें. मनुष्याच्या पाठीवरील हें ओझें उतरविण्यासाठीं ज्यांनीं आपला जीव धोक्यांत घातला, त्या जाक इव कुस्तो यांचें चरित्र विद्यार्थिमित्रांपुढें ठेवावयाचें आहे.

कुस्तो यांचा जन्म फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या सें-आंद्रे-द-क्युब्झाक या गांवीं ११ जून १९१० रोजीं झाला. बाळपणीं प्रकृति तोळामासाच होती. १९३० सालीं ते ब्रेस्ट येथील आरमारी विद्यालयांत दाखल झाले. वैमानिक व्हावें ही त्यांची मोठी आकांक्षा. परंतु १९३६ मध्यें मोटारीच्या अपघातांत त्यांच्या हातांस जबर इजा झाली आणि तो मार्ग कायमचा बंद झाला. दुखावलेल्या हातांत बळ यावें म्हणून ते तूलाँच्या किनाऱ्यावर पोहूं लागले. तेथें फिलिप ताइये या आरमारी मित्रानें त्यांस पाण्याखालीं पाहण्याचा एक चष्मा दिला. तो लावून पाण्यांत डोकें घातलें मात्र, आणि ह्या तरुणाच्या आयुष्याची दिशाच बदलली.

पण दम कोंडून मनुष्य पाण्यांत किती वेळ राहणार? आरमारांतील एका कारागिराकडून कुस्तो यांनीं प्राणवायूची लहानशी बाटली, उच्छ्वास शुद्ध करणारा चुन्याचा डबा आणि मोटारसायकलीच्या चाकांतील रबरी नळी यांचें एक साधन करवून घेतलें. याहून हलकें साधन तें कोणतें असणार! परंतु दाबाखालीं शुद्ध प्राणवायु विषासारखा बाधतो. सुमारे १४ मीटर खोलीवर त्यांच्या अंगास एकाएकीं आंचके येऊं लागले. कमरेचें शिसें सोडून देण्यापुरती शुद्धि राहिली म्हणूनच ते वर आले. पुन्हां एकदां प्रयोग केला, तेव्हांही तीच गत. त्या काळीं ल प्रियर नांवाच्या अधिकाऱ्याचें दाबलेल्या हवेचें साधन उपलब्ध होतें. तें सुरक्षित होतें खरें. पण हवा सारखी वाहून जाई आणि बाटली लवकरच रिकामी होई.

इतक्यांत महायुद्ध आलें. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यांत गेला, पेट्रोल मिळेनासें झालें, आणि मोटारी दुसऱ्या वायूवर चालविण्यासाठीं एमील गान्याँ या अभियंत्यानें एक झडप तयार केली. कुस्तो यांची पत्नी सिमोन हिचे वडील त्याच कारखान्याच्या चालकांपैकीं होते. त्यांच्यामुळें १९४२ च्या डिसेंबरांत पॅरिस येथें दोघांची गांठ पडली. पेट्रोलच्या टंचाईनें समुद्राचें दार उघडावें, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे.

झडपेचें मर्म असें. पाण्यांत दर १० मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. आंत घ्यावयाच्या हवेचा दाब सभोंवारच्या पाण्याइतका नसेल, तर छाती फुगणारच नाहीं. पाण्याचा दाब ह्या झडपेंतील रबरी पडद्यावर पडे. श्वास ओढला कीं झडप उघडे, थांबतांच मिटे. हवा हवी तेव्हां, हवी तेवढीच, आणि खोलीला साजेशा दाबाची मिळे. मार्न नदींतील पहिली परीक्षा मात्र फसली. आडवें पोहतांना सर्व ठीक. उभे राहतांच हवा भसाभसा वाहून जाई, आणि डोकें खालीं केल्यास श्वास ओढणें कठीण होई. हवा येण्याचें व जाण्याचें तोंड एकाच पातळीवर नव्हतें, हें दोघांच्या ध्यानांत आलें. दोन्हीं शेजारीं आणतांच दोष गेला. १९४३ च्या जूनमध्यें कुस्तो तीन बाटल्या पाठीस बांधून भूमध्य समुद्रांत उतरले. सिमोन वर पोहत लक्ष ठेवीत होती. किनाऱ्यावर सुमारे २३ किलोंचें वाटणारें तें ओझें पाण्यांत जवळजवळ नाहींसें झालें, आणि त्यांनीं कोलांट्या मारल्या.

तरीही समुद्रानें आपलें मोल घेतलेंच. १७ सप्टेंबर १९४७ रोजीं मोरिस फार्ग हा सहकारी १२० मीटरांपर्यंत गेला. तेथून त्याच्या खुणा थांबल्या. वर ओढला तेव्हां श्वासाची नळी तोंडांतून सुटलेली होती आणि प्राण वांचले नाहींत. इतक्या खोलीवर हवेंतील नत्रवायु मद्यासारखा मेंदूवर अंमल करतो.

१९५० मध्यें कुस्तो यांस कालिप्सो हें जहाज मिळालें. युद्धांत सुरुंग काढणारें हें लांकडी जहाज एका उदार गृहस्थानें विकत घेऊन वर्षाला एक फ्रँक भाड्यानें दिलें होतें. त्यावरून त्यांनीं तांबड्या समुद्रापासून अनेक सागर धुंडाळले. १९५६ सालीं त्यांच्या बोलपटास कान येथें सर्वोच्च पारितोषिक मिळालें. मासे मोजण्यासाठीं प्रवाळांत सुरुंग उडविल्याचें त्यांत दाखविलें आहे. तें आज पाहवत नाहीं. पण ज्यांनीं तें केलें त्यांनींच १९६० मध्यें किरणोत्सर्गी कचरा समुद्रांत टाकण्यास कडाडून विरोध केला, हेंही विसरूं नये. १९७९ सालीं विमान अपघातांत पुत्र फिलिप गेला, १९९० मध्यें सिमोन गेली, १९९६ च्या जानेवारींत कालिप्सो सिंगापूरच्या बंदरांत बुडाली. २५ जून १९९७ रोजीं पॅरिस येथें कुस्तो निवर्तले. जन्मगांवींच त्यांचें दफन झालें.

आज महिनोन्महिने देशोदेशींच्या समुद्रांत उतरणारा प्रवासी सामान बांधतो, तेव्हां टाकी आणि शिसें तो मागें ठेवतो. ॲल्युमिनियमची रिकामी टाकीसुद्धां १४ किलोंच्या आसपास भरते, आणि भरलेली टाकी विमानांत नेऊं देत नाहींत. या दोन्ही वस्तु आपल्या मालवण-तारकर्लीप्रमाणें इतर किनाऱ्यांवरही भाड्यानें मिळतात. पिशवींत जातो तो स्वतःच्या चेहऱ्याला नेमका बसणारा मुखवटा, आणि कपड्यांत जपून गुंडाळलेली श्वासाची झडप.