इरावतीबाईंचे खरे संचित

पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात पाऊल टाकले की मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा कानी पडू लागतात. भाषेबरोबर तेथे सोयरिकीची रीतही पालटते. मराठी मुलखात पुष्कळ जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची बहुधा टाळतात; गोंडांत मामा-आत्याच्या घरची सोयरीक आधी पाहिली जाते; तेलुगू समाजातील कित्येक जातींत सख्ख्या भाचीशीही विवाह संमत असतो. उत्तर हिंदुस्थानातील हिंदूंत यांपैकी बहुतेक सारे निषिद्ध. या भेदांचा अखिल भारतीय आलेख १९५३ साली ग्रंथरूपाने मांडणाऱ्या डॉ. इरावती कर्वे मराठी वाचकाला केवळ ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ठाऊक असाव्यात, हे आम्हांला खटकते.

१९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या या मुलीला तेथल्या नदीचेच नाव मिळाले. सातव्या वर्षी ती पुण्यास हुजूरपागेत आली आणि रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढली. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानाची पदवी, मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली एम. ए., आणि प्रा. दिनकर कर्वे यांच्याशी विवाह. येथपर्यंतचा मार्ग त्या काळी दुर्मिळ असला तरी निर्वेध होता.

पुढे जर्मनीस जाण्याचा प्रश्न निघाला तेव्हा सासऱ्यांनी विरोध केला. हे सासरे म्हणजे विधवांसाठी आश्रम आणि स्त्रियांसाठी विद्यापीठ उभारणारे महर्षी धोंडो केशव कर्वे! महर्षींविषयी आमचा आदर यत्किंचितही उणा नाही. परंतु स्त्रीने शिकावे, असे मनापासून म्हणणाऱ्यालाही तिने किती शिकावे याची सीमा मनात कोठेतरी आखलेली असते. दिनकररावांनी ती सीमा मानली नाही. बाई बर्लिनला गेल्या. तेथे त्यांचे मार्गदर्शक होते वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते ऑयगेन फिशर. बाईंनी कवट्या मोजल्या, आणि कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध जुळत नाही, असा गुरूच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष प्रबंधात मांडून १९३० मध्ये डॉक्टरेट मिळविली.

परतल्यावर १९३१ ते १९३६ ही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रारपदी काढली. ते विद्यापीठ मातृभाषेतून शिकवीत होते, हे त्याचे मोठेपण. पण सरकारी कायद्याने त्याला मान्यता मिळाली ती थेट १९५१ साली. तोवर त्याच्या पदवीधर मुलींना व्यवहारात काय किंमत होती, हे त्यांनाच ठाऊक! बर्लिनची विद्या घेऊन आलेल्या विदुषीच्या हाती कार्यालयीन कागद यावेत, ही विसंगती आम्हांला आजही बोचते. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राचे अध्यापन हाती आले, तेव्हा कुठे त्यांना आपले क्षेत्र गवसले. मोजमापाची साधने घेऊन त्या खेडोपाडी, आदिवासी पाड्यांवर हिंडल्या. कोयना धरणाने उठवलेल्या माणसांची त्यांनी केलेली पाहणी १९६९ साली प्रसिद्ध झाली, आणि पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट रोजी, त्या निवर्तल्या.