चंपूताईची हिराबाई झाली तेव्हा

हल्ली मुलीचा बायोडाटा करताना ‘गायनाच्या तीन परीक्षा दिल्या आहेत’ हे आपण आवर्जून लिहितो. बीडला काय नि अंबाजोगाईला काय, संध्याकाळी वही घेऊन गाण्याच्या क्लासला निघालेल्या मुली दिसतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी हीच गोष्ट लपवावी लागली असती. चांगल्या घरची बाई चारचौघांत गात नाही आणि जी गाते ती चांगल्या घरची नाही, असा सरळ हिशेब होता. तो हिशेब ज्यांनी चुकीचा ठरवला, त्यांत हिराबाई बडोदेकरांचं नाव आधी घ्यावं लागतं.

हिराबाईंचा जन्म १९०५ च्या मे महिन्यात मिरजेचा. नाव चंपाकली, घरात सगळ्यांची चंपूताई. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, किराणा घराण्याचे नामवंत गवई. आई ताराबाई ही बडोदे संस्थानातल्या माने सरदारांची लेक. खाँसाहेब बडोद्याच्या दरबारात गायक होते. तिथे दोघांचं मन जुळलं आणि दोघांनी बडोदे सोडलं. सरदाराच्या मुलीनं एका मुसलमान गवयाबरोबर घर सोडणं म्हणजे त्या काळात काय झालं असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे पाच मुलं झाली. १९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. संसार आणि विद्यालय अशी दुहेरी धावपळ होती. पण हा संसार शेवटपर्यंत टिकला नाही. ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या.

मला या गोष्टीत सगळ्यात मोठी वाटते ती यानंतरची घटना. मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचा सुरेश झाला, चंपाकलीची हिरा, गुलाबची कमल, धाकट्या सकीनाची सरस्वती. कृष्णा तेवढा कृष्णाच राहिला. मुलगे आईच्या माहेरचं माने हे आडनाव लावू लागले. हिरा आणि कमल यांनी तर आईच्या गावावरूनच आडनाव घेतलं, बडोदेकर. बापाचं नाव एवढं मोठं, ते लावलं असतं तर गाण्याच्या दुनियेत दारं आपोआप उघडली असती. पण या घरानं तो रस्ता घेतला नाही.

गावोगावी बायकांशी बोलताना एक गोष्ट मी नेहमी बघते. नवऱ्यानं टाकलेली बाई सगळं निभावते, ऊसतोडीला जाते, धुणीभांडी करते, पण शाळेच्या फॉर्मवर बापाच्या नावाचा रकाना आला की तिचा हात थांबतो. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सक्तीचं केलं. ताराबाईंनी हे शंभर वर्षं आधी, कोणत्याही सरकारी कागदाची वाट न पाहता करून टाकलं होतं.

इंग्रजीत ‘बॅले शूज’ नावाची मुलांची एक गाजलेली कादंबरी आहे, १९३६ सालची, नोएल स्ट्रेटफील्ड या लेखिकेची. त्यात दत्तक घेतलेल्या तीन बहिणी स्वतःचं आडनाव स्वतः ठरवतात, आपल्या कर्तृत्वानं ते मोठं करायची शपथ घेतात आणि घरात पैसा कमी पडतो म्हणून रंगभूमीचं शिक्षण घेतात. ती वाचताना लंडनपेक्षा मला पुणंच दिसत होतं. आपल्याकडच्या या तीन बहिणी दत्तक नव्हत्या एवढंच. आणि कादंबरी यायच्या आधीच त्यांची नाटक कंपनी निघून बंदही पडली होती!

हिराबाईंना गाण्याची खरी तालीम दिली ती उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांनी आणि थोरले भाऊ सुरेशबाबूंनी. किराणा घराणं म्हणजे सूर. एकेक सूर सावकाश, नितळ लावायचा, घाई करायची नाही. हिराबाईंचा आवाज मुळात बारीक आणि गोड, वरचा षड्ज लागला की ऐकणारे भान विसरत.

तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. आज आपल्याला यात काय विशेष असं वाटेल. पण तोवर बाईचं गाणं म्हणजे बैठक, तिथले हावभाव, पान-विडे आणि समोर फक्त पुरुष. हिराबाईंनी हावभाव टाकले. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, मांडी घालून, तंबोऱ्यांमध्ये शांत बसायचं आणि फक्त गायचं. त्यामुळे झालं काय, की सभ्य घरातल्या बायका-मुलीसुद्धा नवऱ्याबरोबर, सासूबरोबर गाणं ऐकायला येऊ लागल्या. मला तर वाटतं, गाणाऱ्या बाईपेक्षाही ऐकणाऱ्या बाईची ही सुटका मोठी होती.

१९२९ मध्ये ताराबाईंनी मुलांना घेऊन नाटक कंपनी उभी केली. तेव्हा बालगंधर्वांचा जमाना. स्त्रीची भूमिका पुरुषानं करायची हीच रीत आणि प्रेक्षकांना तीच आवडही. अशा वेळी बायकांच्या भूमिका बायकांनीच करायच्या, पुरुषांबरोबर एकाच रंगमंचावर उभं राहून, हे धाडस होतं. ‘सौभद्र’ने सुरुवात झाली. हिराबाई, कमलाबाई, सरस्वतीबाई, सोबत भाऊ, म्हणजे निम्मी कंपनी घरचीच. नाव झालं, पण पैसा टिकला नाही. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि भल्याभल्या नाटक मंडळ्या बुडाल्या. ही मंडळीही काही वर्षांतच बंद पडली आणि डोक्यावर कर्ज राहिलं. ते हिराबाईंनी फेडलं, गावोगाव मैफली करून. तेव्हा त्यांची तिशीही नीट उलटली नव्हती. आईच्या हट्टाचं ओझं मुलीवर पडलं असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याचं अगदीच चूक नाही. पण त्याच हट्टानं या मुलींना कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही, हेही तितकंच खरं.

पुढे रेडिओ आला, ग्रामोफोनच्या तबकड्या आल्या, १९३७ च्या ‘प्रतिभा’ चित्रपटात त्यांनी कामही केलं. त्याच वर्षी अब्दुल करीम खाँ वारले. १९५३ मध्ये सुरेशबाबू गेले. भाऊ आणि गुरू, दोन्ही एकदम गेल्यासारखं झालं. त्यांच्याकडे शिकणाऱ्या प्रभा अत्रे यांना पुढची तालीम हिराबाईंनी दिली. १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मभूषण मिळालं. २० नोव्हेंबर १९८९ रोजी हिराबाई गेल्या.

कमलाबाईंचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, याची चुटपुट लागते. सरस्वतीबाई राणे मात्र पुष्कळांना ठाऊक आहेत, १९४३ च्या ‘रामराज्य’मधल्या वीणेच्या गाण्यामुळे. त्या २००६ पर्यंत होत्या. या थोरल्या आणि धाकट्या बहिणींनी मिळून जुगलबंदी गायली. दोन बायकांनी बरोबरीनं बसून ख्याल गायचा, हेही तेव्हा नवीनच होतं. त्या तबकड्या अजून ऐकायला मिळतात. दोघींचे आवाज इतके जवळचे, की कोणती ओळ कुणाची हे सांगायला दोन-तीनदा ऐकावं लागतं.